कोर्टाचं अंगण

सातवीतल्या एका मुलीनं मला एकदा विचारलं होतं, "माझे बाबा रोज कोर्टात जातात आणि मी रोज कोर्टावर जाते. मग दोन्हीचं नाव एकच कसं?" बाबा वकील आणि मुलगी बॅडमिंटन खेळणारी. प्रश्न गमतीचा होता, पण त्यात एक बारकावाही होता. मराठीनं नुसत्या प्रत्ययावर दोन्हीतला फरक राखला आहे. खटला चालतो तो कोर्टात, फूल उडतं ते कोर्टावर. शब्द मात्र एकच.

मोठी माणसं हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं विचारतात. एकाच जागेला आपल्याकडे इतके शब्द कशाला? शहाण्यानं ज्याची पायरी चढू नये म्हणतात, ते कोर्ट. त्याला चिकटून येते ती कचेरी. हिंदी सिनेमात हातोडा आपटतात ती अदालत. इमारतीच्या फलकावर रंगवलेलं असतं ते न्यायालय. शिवाय न्यायाधिकरण आणि लवाद आहेतच. हे सगळे एकाच अर्थाचे शब्द असं समजून आपण पुढे जातो. पण यातला प्रत्येक शब्द वेगळ्या घरातून निघाला आहे आणि निघताना त्या घरातली एखादी वस्तू बरोबर घेऊन आला आहे. कुणी अंगण आणलं, कुणी पोती, कुणी हिशेबाची वही.

या शब्दांची ढोबळ मानानं दोन गोत्रं पडतात. पहिल्या गोत्रातले शब्द जागा सांगतात, म्हणजे तंटा कुठे सुटतो ते. दुसऱ्यातले माप सांगतात, म्हणजे तो कसा सुटायला हवा ते. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचा गुंता बराच सुटा होतो. (जाता जाता एक. आपण वाचतो ते पुस्तकाचं 'प्रकरण', कोर्टात चालू असतं तेही 'प्रकरण', आणि संस्कृत नाटकांच्या एका प्रकारालाही 'प्रकरण' म्हणतात. त्या प्रकारातल्या एका नाटकात आपल्याला थोड्या वेळानं जायचंच आहे.)

१. वाडा आणि कोर्ट

कोर्टाकडे वळण्याआधी आपला 'वाडा' हा शब्द घेऊ. संस्कृतात 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यावरून फुलांची वाटिका झाली, नारळी-पोफळीची वाडी झाली. धनगर आजही मेंढ्या कोंडतात त्या जागेला वाडा म्हणतात. पुढे भिंतीनं वेढलेलं मोठं घर म्हणजे वाडा झाला. मग त्या घरातला माणूसच वाडा झाला. "वाड्यावरून बोलावणं आलंय" असं कुणी म्हटलं तर दगडविटांनी बोलावलेलं नसतं. आधी कुंपण, मग घर, मग घराचा धनी, मग त्याची सत्ता, अशा पायऱ्या या शब्दानं चढल्या.

लॅटिनमधला 'कोहोर्स' हा शब्द याच पायऱ्या चढला. त्याचा मूळ अर्थ कुंपणाच्या आतलं आवार, म्हणजे अंगण. त्याच्या शेपटीतला 'होर्त' हा तुकडा आणि बागेला असलेला 'होर्तुस' हा शब्द सख्खे भाऊ. फळबागांच्या शास्त्राला इंग्रजीत हॉर्टिकल्चर म्हणतात ते त्यावरून. इंग्रजीतले 'यार्ड' आणि 'गार्डन' याच कुळात धरले जातात. अनेक भाषाशास्त्रज्ञ संस्कृतातलं 'गृह'ही तिथेच बसवतात. तसं असेल तर आपलं घर आणि इंग्रजांचं कोर्ट हे दूरचे भाऊबंद ठरतात. भाऊबंदांची गाठ अखेर कोर्टात पडते, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको.

लॅटिनमधलं हे आवार जुन्या फ्रेंचमध्ये 'कोर्त' झालं आणि ११व्या शतकात नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर त्यांच्याबरोबर तिथे पोचलं. तोवर त्याचा अर्थ बदलला होता. अंगण राजाचं असलं की अंगणात जमणारी माणसंही राजाची, म्हणून 'कोर्ट' म्हणजे दरबार. आणि दरबारात राजा तंटेही सोडवायचा, म्हणून 'कोर्ट' म्हणजे न्यायाची जागा.

यात एक अडचण होती. राजा एका जागी बसत नसे. आज या किल्ल्यात, उद्या त्या शिकारीच्या रानात. त्याचं कोर्ट त्याच्यामागून फिरे आणि कोर्टामागून वादी-प्रतिवादी फिरत. शेताच्या बांधावरून भांडणारा माणूस अर्धं इंग्लंड पालथं घालत बसणार. १२१५ साली इंग्लंडच्या सरदारांनी राजा जॉन याच्याकडून मॅग्ना कार्टा ही सनद लिहून घेतली. तिच्या १७व्या कलमात या त्रासावर उपाय आहे. सामान्य माणसांचे आपापसांतले दावे राजाच्या कोर्टामागे न फिरता एका ठरलेल्या जागी चालावेत, असं ते कलम सांगतं. आजच्या कोर्टाचा पत्ता कायम असतो, त्याच्या मुळाशी हे कलम आहे. न्याय राजाच्या तंबूपासून सुटा होऊ लागला, आणि शब्द मात्र राजाच्या अंगणाचाच राहिला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. टेनिसचा जुना खेळ युरोपात राजवाड्यांच्या आणि मठांच्या बंदिस्त अंगणात खेळला जाई, कारण चेंडू भिंतीवर आपटून परत यावा लागे. अंगण म्हणजे कोर्ट, म्हणून टेनिसचं कोर्ट. लंडनजवळ थेम्स नदीकाठी हॅम्प्टन कोर्ट नावाचा आठव्या हेन्रीचा राजवाडा आहे. तिथे असं बंदिस्त टेनिस कोर्ट आजही आहे आणि त्यावर खेळही होतो. म्हणजे कोर्ट नावाच्या वाड्यात खेळाचं कोर्ट. बॅडमिंटननं हा शब्द टेनिसकडून घेतला. तेव्हा बाप आणि लेक दोघंही रोज एकाच अंगणात जातात, असं म्हणायला हरकत नाही.

२. सभेत बसतो तो सभ्य

आपल्याकडे हे अंगण कोणतं होतं? जुन्या धर्मशास्त्रात न्यायाच्या जागेला 'सभा' हा शब्द येतो. राजा किंवा त्यानं नेमलेला न्यायाधीश मध्ये बसे आणि त्याला सल्ला द्यायला तीन, पाच किंवा सात जाणकार असत. संख्या विषम का, हे उघड आहे. मतं समसमान पडून घोडं अडू नये. सभेतल्या या जाणकारांना 'सभ्य' म्हणत. आज आपण ज्याला सभ्य माणूस म्हणतो, तो मुळात सभेत बसायला लायक असलेला माणूस.

इकडे इंग्रजीतही हुबेहूब हेच झालेलं आहे. कोर्टात, म्हणजे दरबारात, वागायची रीत ज्याला कळते तो 'कर्टियस', म्हणजे सभ्य. दोन भाषा, दोन खंड, आणि चांगल्या वागणुकीचं नाव दोन्हीकडे चार लोकांसमोर बसण्याच्या जागेवरून पडलेलं. घरातल्या घरात माणूस कसा वागतो यावरून सभ्यपणा ठरवावा, असं त्या काळी कुणाला वाटलेलं दिसत नाही.

न्यायाधीशाला तेव्हा 'प्राड्विवाक' असाही एक शब्द होता. उच्चारायला अवघड, पण फोडला की सोपा. 'प्राट्' म्हणजे विचारणारा आणि 'विवाक' म्हणजे निवडून सांगणारा. आधी प्रश्न विचारायचे, मग निर्णय द्यायचा. कामाचा क्रमच त्या पदाच्या नावात घातला होता.

सभेची दुसरी बाजूही सांगायला हवी. जुन्या वाङ्मयात सभा म्हणजे जुगाराची जागासुद्धा. महाभारतात दोन्ही अर्थ एकाच दालनात येतात. द्यूत तिथेच होतं, आणि हरलेल्या युधिष्ठिराला मला पणाला लावण्याचा हक्क होता का, हा द्रौपदीचा प्रश्नही तिथेच विचारला जातो. प्रश्न शुद्ध कायद्याचा होता. आधी स्वतःला हरलेला माणूस दुसऱ्याला पणाला लावू शकतो का? सभेतल्या बहुतेक सभ्यांनी माना खाली घातल्या.

आता मघाशी म्हटलं ते नाटक. शूद्रकाचं 'मृच्छकटिक' दीड हजार वर्षांहून जुनं मानतात. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणलं. त्याच्या नवव्या अंकात चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आरोप येतो आणि अख्खा खटला रंगमंचावर चालतो. अंकाच्या सुरुवातीला शोधनक नावाचा शिपाई न्यायमंडप झाडतो आणि आसनं मांडतो. नंतर बाहेर जाऊन कुणाची काही तक्रार आहे का, असा पुकारा करतो. तालुक्याच्या कोर्टात सकाळी साडेदहाला उभं राहिलेल्या माणसाला यातलं काहीच अनोळखी वाटणार नाही. या जागेचं नाटकातलं नाव 'अधिकरण' आणि न्यायाधीश तो 'अधिकरणिक'. हा शब्द मेला असं वाटत असेल तर वर्तमानपत्र उघडा. हरित न्यायाधिकरण, प्रशासकीय न्यायाधिकरण. शूद्रकाचं अधिकरण मागे 'न्याय' जोडून पुन्हा कामावर रुजू झालं आहे.

मराठेशाहीतला शब्द तर आणखी साधा. तंटा ज्या ठिकाणी चाले त्याला 'थळ' म्हणत, म्हणजे नुसतं स्थळ. गावचं गोत, म्हणजे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, जातभाई, जमे आणि ती 'गोतसभा' होई. आपल्या गावचे लोक समोरच्याच्या बाजूला झुकलेत असं वाटलं तर वादी 'परथळ' मागे, म्हणजे दुसऱ्या गावच्या लोकांपुढे निवाडा व्हावा म्हणे. तेव्हा फिर्याद मांडणाऱ्याला 'अग्रवादी' आणि उत्तर देणाऱ्याला 'पश्चिमवादी' म्हणत. पश्चिमवादी म्हणजे पश्चिमेकडचा नव्हे, मागून बोलणारा. निकालाच्या वेळी हजर असलेल्यांची नावं लिहून जो कागद होई तो 'महजर'. हा शब्द अरबी आहे आणि आपल्या 'हजर', 'हजेरी', 'हुजूर' या शब्दांचा सख्खा. कायद्याच्या कलमाइतकंच वजन तेव्हा हजेरीला होतं. कोण कोण बसलं होतं, हाच पुरावा.

पंचांनी बसून तंटा सोडवला ती पंचायत. त्याच शब्दावरून मराठीनं 'पंचाईत' बनवली, म्हणजे अडचण. पंचांपुढे उभं राहण्याचा अनुभव काय असेल हे या एका शब्दावरून कळतं. जातपंचायतीच्या बहिष्कारानं कित्येक घरांची खरोखरच पंचाईत झाली आणि महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. चार लोकांसमोरचं अंगण नेहमी मायेचंच असतं, असं नाही.

३. बाक, पीठ, कठडा

जागेच्या गोत्रातलेच काही धाकटे शब्द इथेच उरकून घेऊ. न्यायाधीश बसतो त्या लांब बाकावरून 'बेंच'. आपण त्याचं 'पीठ' केलं आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर, औरंगाबाद, गोवा इथल्या शाखांना 'खंडपीठ' म्हणू लागलो. फिरत्या न्यायाधीशांची आठवण देणारं 'सर्किट बेंच' हे नाव कोल्हापूरला २०२५च्या ऑगस्टमध्ये मिळालं. रोमन न्यायाधिकारी उंच चौथऱ्यावर बसत, तो चौथरा म्हणजे 'ट्रिब्युनल'. गोव्यात पोर्तुगीज अमलात हाच शब्द कोर्टासाठी होता. आणि वकिलांची 'बार' म्हणजे न्यायाधीशाची जागा आणि इतरांची जागा यांच्यामधला लाकडी कठडा. दारूच्या गुत्त्यातला बारही तसाच आडवा कठडा असल्यामुळे त्याचं नाव तेच पडलं. बार असोसिएशनच्या पाटीवरून विनोद करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

४. उंटाच्या पाठीवरची दोन पोती

आता दुसरं गोत्र, मापाचं. त्यात पहिला मान 'अदालत'चा.

अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे असतात. सांगाडा तोच ठेवून स्वर बदलले की नवा शब्द मिळतो. 'अदालत'चा सांगाडा ऐन-दाल-लाम, म्हणजे ढोबळ मानानं अ-द-ल. त्याचा अर्थ सरळ असणं, समान असणं, तोल साधणं. याच सांगाड्यावरचा 'इद्ल' हा शब्द म्हणजे उंटाच्या एका बाजूला टांगलेलं ओझं. दुसऱ्या बाजूलाही तेवढंच ओझं हवं, नाहीतर उंट कलंडतो. आपल्याकडे वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर दोन्हीकडे गोण्या टाकून मीठ आणि धान्य वाहत. एका गोणीत चार पायल्या जास्त पडल्या तर काय होतं हे त्यांना सांगावं लागत नसे. 'अद्ल' म्हणजे न्याय, तो हा असा. दोन्हीकडची गोणी सारखी.

दिवस आणि रात्र समान होतात त्या दिवसाला अरबीत 'इअतिदाल' म्हणतात, तोही याच सांगाड्यावर. आणि 'आदिल' म्हणजे न्यायी. विजापूरच्या सुलतानांनी दोनशे वर्षं मिरवलेल्या आदिलशाही या नावाचा अर्थ 'न्याय्य राजवट' असा होतो. ती तशी होती की नाही हे इतिहासकारांवर सोडू. स्वतःला अन्यायी म्हणवणारी राजवट अजून तरी कुठे जन्मलेली नाही.

'अदालत' म्हणजे मुळात न्यायाचा गुण, न्यायाची इमारत नव्हे. अरबस्तानात कुणाला "अदालत कुठे आहे?" असं विचारलं तर तो गोंधळेल. तिथे कोर्टाला 'महकमा' म्हणतात, हुकूम जिथून सुटतो ती जागा. इराणात 'दादगाह'. तुर्कस्तानात 'अदालेत' म्हणजे न्याय, आणि कोर्ट ते 'महकेमे'. इंडोनेशियात मात्र 'आदिल'ला मागेपुढे प्रत्यय लावून कोर्टासाठी 'पंगादिलान' असा शब्द केला आहे. गुणाचं नाव जागेला देण्याचं काम आपल्या उपखंडात झालं. 'दुकान' न म्हणता 'प्रामाणिकपणा' म्हणावं तसं हे आहे.

'इन्साफ'चा सांगाडा न-स-फ. त्यावरचा 'निस्फ' म्हणजे अर्धा. इन्साफ म्हणजे निम्मंनिम्मं करणं. घरात एकच आंबा आणि दोन भावंडं असली की आई काय करते? एकानं कापायचा आणि दुसऱ्यानं आधी उचलायचा. इन्साफची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही. इंग्रजी अमलातला खालच्या दिवाणी कोर्टाचा न्यायाधीश, तो 'मुन्सफ', याच सांगाड्यावरचा. मुन्सफ म्हणजे अर्धं करणारा.

अर्धं करणाऱ्याची नियत बिघडली तर काय होतं, ते आपण लहानपणीच शिकलेलो आहोत. दोन मांजरांना लोणी समान वाटून देता देता माकडानं सगळं स्वतःच गिळलं. मुंबई उच्च न्यायालयाची ओव्हल मैदानासमोरची इमारत १८७८ साली पुरी झाली. तिच्या एका खांबावर एक डोळा झाकलेलं आणि हातात तराजू धरलेलं माकड कोरलेलं आहे. ते कुणी आणि का कोरलं याच्या कहाण्या अनेक आहेत. मला ते पाहिलं की दर वेळी लोण्याचीच गोष्ट आठवते.

५. दिवाणी, फौजदारी आणि एक लग्न

अदालत हा शब्द कायद्याच्या कागदांवर पक्का बसवला तो ईस्ट इंडिया कंपनीनं. १७६५ साली मुघल बादशहाकडून कंपनीला बंगाल, बिहार आणि ओरिसाची 'दिवाणी' मिळाली. फारसीत 'दिवाण' म्हणजे मुळात नोंदवही. वहीवरून वह्या ठेवायची कचेरी, कचेरीवरून तिथला अधिकारी, आणि कचेरीत भिंतीला लागून असलेल्या गादीच्या बैठकीवरून आपल्या घरातला दिवाण. कवितांच्या वहीलाही दिवाणच म्हणतात, जसा गालिबचा दिवाण. दिवाणाचं काम महसूल आणि पैशाअडक्याचे तंटे, म्हणून तसले खटले दिवाणी. मारामाऱ्या, चोऱ्या, दंगे हे फौज बाळगणाऱ्या फौजदाराचं काम, म्हणून ते फौजदारी. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जनं बंगालमध्ये जिल्ह्याजिल्ह्यात दिवाणी अदालत आणि फौजदारी अदालत अशी जोडी बसवली. आज पोलीस ठाण्यातल्या उपनिरीक्षकाला आपण फौजदार म्हणतो आणि जमिनीच्या दाव्याला दिवाणी, त्यामागे ही मुघल वाटणी आहे.

मुंबई इलाख्यात काही काळ दोन वेगळी घरं होती. मुंबई बेटापुरतं इंग्लंडच्या राजाच्या सनदेवर चालणारं सुप्रीम कोर्ट, आणि बाहेरच्या मुलखासाठी कंपनीची सदर दिवाणी अदालत आणि सदर फौजदारी अदालत. एकीकडे 'कोर्ट', दुसरीकडे 'अदालत'. १४ ऑगस्ट १८६२ रोजी दोन्ही एकत्र करून मुंबईचं हायकोर्ट सुरू झालं. लग्नानंतर आडनाव कोर्टाचं लागलं, पण माहेर पुसलं गेलं नाही. या हायकोर्टात आजही 'ओरिजिनल साइड' आणि 'ॲपिलेट साइड' असे दोन भाग आहेत. पहिला जुन्या सुप्रीम कोर्टाचा वारसा, दुसरा सदर अदालतींचा.

मोठ्या कोर्टातून हुसकावलेली अदालत लोकांकडे परत आली ती लोकअदालत म्हणून. १९८७च्या विधी सेवा कायद्यानं तिला कायदेशीर बळ दिलं. तिथे दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडून तडजोड करायची. झालेल्या निवाड्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. सरकारी भाषेत 'लोकन्यायालय' असा शब्द आहे, पण लोकांच्या तोंडी लोकअदालतच बसली. या गोणीतलं थोडं त्या गोणीत टाकून तोल साधण्याच्या कामाला हा शब्द मला तरी नेमका वाटतो.

आणि कचेरी? मराठीत तो कुठल्याही सरकारी ऑफिसाला चालतो. मामलेदार कचेरीत दाखला मिळतो आणि ठाण्यात तिच्या नावाची मिसळही मिळते. पण हाच शब्द चेन्नईत गेला की गाऊ लागतो. तिथे 'कच्चेरी' म्हणजे कर्नाटक संगीताची मैफल. डिसेंबरात तिथे कुणी "आज तीन कचेऱ्या आहेत" म्हणालं तर सहानुभूती दाखवण्याचं कारण नाही.

६. एका तारखेची फोड

आतापर्यंतचं एका लहानशा उदाहरणात घालून पाहू.

"सोमवारी दिवाणी दाव्याची तारीख होती. वादीचे वकील हजर, प्रतिवादी गैरहजर. साक्षीदाराला समन्स द्यायला गेलेला बेलीफ परत आला, घराला कुलूप. वकिलांनी अर्ज दिला, न्यायाधीशांनी हुकूम केला आणि पुढची तारीख पडली."

यातले दावा, तारीख, वकील, हजर, गैरहजर, अर्ज, हुकूम हे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेनं आले. दिवाणी फारसी. वादी, प्रतिवादी, न्यायाधीश संस्कृत. समन्स आणि बेलीफ इंग्रजी. साक्षीदार अर्धा-अर्धा. 'साक्षी' संस्कृत, ज्यात 'अक्षि' म्हणजे डोळा आहे, आणि 'दार' फारसी. घराचं कुलूपसुद्धा अरबी 'कुफ्ल'वरून आलेलं. मराठीच्या वाट्याला राहिलं घर, आणि देणं, जाणं, येणं, पडणं ही क्रियापदं. नामं पाहुण्यांची, पण त्यांना चालवतं ते मराठीचंच व्याकरण.

'वकील' शब्दाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याचा मूळ अर्थ ज्याच्यावर काम सोपवलं तो प्रतिनिधी. मराठ्यांचे वकील परक्या दरबारात राजकारण करायला जात, काळा कोट घालून युक्तिवाद करायला नव्हे. १७८४ साली महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी 'वकील-इ-मुतलक' हे पद मिळवलं. त्याचा अर्थ बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी. तसंच 'जामीन'. मुळात जामीन म्हणजे हमी घेणारा माणूस. आज "त्याला जामीन मिळाला" म्हणताना आपल्याला सुटका दिसते, पण "मी त्याला जामीन राहिलो" या वाक्यात जुना माणूस अजून उभा आहे.

७. न्याय म्हणजे चुकलं नाही ते

राहिलं न्यायालय. 'आलय' म्हणजे राहण्याचं ठिकाण. हिम राहतं तो हिमालय, देव राहतो ते देवालय. न्यायालयात न्याय राहतो. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात १८९६च्या सुमारास बांधलेल्या आणि कोर्टासाठी वापरलेल्या भव्य इमारतीला 'न्यायमंदिर' असं नाव आहे. मंदिर म्हटलं की हात जोडावे लागतात आणि नवस बोलावासा वाटतो. आलय बरं, तिथे सरळ चालत जाता येतं.

पण 'न्याय' म्हणजे काय? 'नि' हा उपसर्ग आणि 'इ' हा जाण्याचा अर्थ असलेला धातू, एवढीच त्याची सामग्री. पाणिनीच्या व्याकरणात एका सूत्रात हा शब्द सिद्ध होतो आणि त्याच सूत्रात त्याचा सोबती आहे 'परिणाय', म्हणजे द्यूतात सोंगटी हलवणं. जुगार आणि न्याय शेजारी शेजारी, मघाच्या सभेसारखेच. न्यायासाठी पाणिनीनं दिलेला अर्थ आहे 'अभ्रेष', म्हणजे वाट न चुकणं, जसं व्हायला हवं तसंच होणं. त्यात तराजू नाही, शिक्षा नाही. रस्ता सोडून न जाणं, बस्स.

म्हणूनच 'न्याय'चा जुना अर्थ 'रीत' किंवा 'दाखला' असा आहे आणि तो मराठीत जिवंत आहे. शितावरून भाताची परीक्षा करतो त्याला पंडित 'स्थालीपुलाक न्याय' म्हणत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, तो 'काकतालीय न्याय'. मूळ संस्कृतात मात्र फांदी नव्हे, ताडफळ पडतं. आणि मोठा मासा लहान माशाला गिळतो, तो 'मत्स्यन्याय'. इथे न्यायाचा लवलेश नसताना शब्द न्यायच आहे, कारण त्याचा अर्थ एवढाच की जगाची ही अशी चाल आहे. हा मत्स्यन्याय चालू नये म्हणून राजा हवा, असं जुने राजनीतिकार सांगत. एक न्याय थांबवायला दुसरा न्याय.

शिवरायांच्या राज्यकारभारात या शब्दाला पुन्हा मान मिळाला. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' त्यांनी करवून घेतला आणि अष्टप्रधानांत 'न्यायाधीश' हे पद आलं. ते निराजी रावजी यांच्याकडे होतं. आजच्या 'न्यायालय' या शब्दात आपली दोन्ही गोत्रं एकत्र आली आहेत. न्याय हे माप आणि आलय ही जागा.

८. तांदूळ निवडावेत तसं

एक शब्द मुद्दाम शेवटी ठेवला आहे. तो अरबी नाही, इंग्रजी नाही, आणि संस्कृत पंडितांनी घडवलेलाही नाही. 'निवाडा'.

दुपारी ओसरीवर सूप घेऊन बसलेली बाई तांदूळ निवडते. खडा वेगळा, तूस वेगळं, दाणा वेगळा. त्या निवडण्यापासून निवाडा झाला. निवडणूकही तिथूनच. गोतसभेचा निकाल ज्या कागदावर उतरे त्याला 'निवाडपत्र' म्हणत. इथे तोल साधायचा नाही आणि निम्मंही करायचं नाही. मिसळलेलं सुटं करायचं. वादीच्या बोलण्यात खडे असतात आणि प्रतिवादीच्या बोलण्यातही दाणे असतात, हे सूप हातात धरणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं.

आजच्या कोर्टाच्या कागदावर 'न्यायनिर्णय' असतो, 'आदेश' असतो, आणि निवाडा क्वचितच दिसतो. पण तो रोजच्या वापरात पाहायचा असेल तर जिथून नवा महामार्ग किंवा धरणाचा कालवा जाणार आहे अशा गावात जावं. तिथे शाळेत न गेलेला शेतकरीही 'भूसंपादनाचा निवाडा' असं अचूक म्हणतो, म्हणजे कुणाची किती गुंठे जमीन गेली आणि तिचा किती मोबदला ठरला तो कागद. हा निवाडा न्यायाधीश करत नाही, कचेरीतला भूसंपादन अधिकारी करतो. तो पटला नाही की शेतकरी सातबाराचा उतारा पिशवीत घालतो आणि वाढीव मोबदल्यासाठी कोर्टाची पायरी चढतो.